तोकडी मूठ

लक्ष्मम्माची सून कडूबाई, कडूबाईची सून केशरबाई आणि केशरबाईची सून प्रेमाबाई. वंश पुरुषांच्या नावांनी सांगावा अशी जगाची रीत आहे. या घरात मात्र पुरुषांनी आडनाव तेवढे ठेवले, घर ठेवले ते सासूने सुनेच्या हाती. लक्ष्मम्मा आळंदकडची, कानडी बोलणारी. गावाबाहेरच्या आळीत बाप्तिस्मा घेणारी ती पहिली. नवऱ्याला तिने पुढच्या उन्हाळ्यात घ्यायला लावला. कडूबाई केस पिकल्यावर अक्षरे शिकली आणि शुभवर्तमान बोट ठेवून वाचू लागली. केशरबाई फारशी बोलत नसे. पटकीच्या साथीत ज्या घराच्या उंबऱ्याकडे कोणी बघतही नव्हते अशा एका घरी ती जाऊन आली होती, एवढे आळीला माहीत होते. कोणत्या घरी, ते तिने कोणाला सांगितले नाही.

चौघींची चूल एकच, आणि चुलीशेजारच्या कोनाड्यातले देवाचे गाडगेही. जात्यावर बसण्याआधी पहिली मूठ त्या गाडग्यात पडायची. मूठ टाकताना डोळे मिटायचे; आपण किती दिले हे आपल्यालाच दिसू नये. आणि म्हणायचे, "तुझं तुला, उरलं मला." महिन्याच्या शेवटच्या रविवारी धाराशिवहून पाळकसाहेब एस.टी.ने यायचे. गाडगे उपासनेत पुढे ठेवले जायचे आणि मग ज्या घरी चूल थंड असेल त्या घरी जायचे.

केशरबाईच्या काळचे गाडगे मोठे होते आणि त्याच्या काठाचा टवका उडालेला होता. नवी नवरी असताना प्रेमाबाईने विचारले होते, "काठ कुणी फोडला हो, आत्याबाई?"

"देवाला मालूम," केशरबाई म्हणाली होती आणि जात्याचा खुंटा पुन्हा फिरवू लागली होती.

प्रेमाबाईला फुटके-तुटके देवापुढे ठेवणे पटत नसे. सासू गेल्यावर तिने बेंबळीच्या बाजारातून नवे गाडगे आणले. जुने कोपऱ्यात पालथे पडून राहिले.

मग बहात्तर साल आले. आदल्या वर्षी पावसाने निम्म्यात पाठ फिरवली होती. त्या वर्षी त्याने तोंडच दाखवले नाही. विहिरींचे तळ वर आले. बाभळीच्या शेंगासुद्धा शेळ्यांनी संपवल्या. रेशनला परदेशची लाल ज्वारी आली, मिलो. तिची भाकरी थापताना हाताला चिकटे आणि तव्यावर तडकून तिचे तुकडे पडत. लोक खाताना एकमेकांकडे बघत नसत. प्रेमाबाईचा मुलगा शिमोन खडीच्या कामावर जाऊ लागला; सून चांगुणा गावातल्या महालिंगप्पाच्या गोठ्यात झाडलोट करू लागली. महालिंगप्पा सोसायटीचा चेअरमन. खडीच्या कामावर कोण राहणार आणि कोण नाही, हेही त्याच्याच भुवईवर ठरे.

"मूठ बंद करू या का, आई? पाऊस पडेपर्यंत," शिमोनने एकदा विचारले.

"पाऊस पडल्यावर तर कुणीबी देईल," प्रेमाबाई म्हणाली. "मूठ दुष्काळासाठीच असती."

 या घरात आईचे बोलणे संपले की बोलणे संपे.

चांगुणा तेरखेड्याची. लहानपणी फटाक्याच्या दारूने तिच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट नेले होते. बघायला गेले तेव्हा तिचा तो हात पदराखाली होता. प्रेमाबाईला तो दिसला तो थेट अक्षतांच्या वेळी, अंगठी घालताना. तिने तेव्हा चारचौघांत काही म्हटले नाही. पण मनात एक गाठ बसली. ज्या घराने हात झाकून मुलगी दिली, त्या घराची मुलगी आणखी काय काय झाकील, कोणी सांगावे?

पहिल्याच सकाळी चांगुणाने डोळे मिटून मूठ टाकली. प्रेमाबाईने मात्र डोळे उघडे ठेवून ती बघितली.

"तुझी मूठ तोकडी हाय, चांगुणा."

"व्हय, आत्याबाई."

"देवाला तोकडी मूठ द्यायची न्हाय. तू दोन टाकत जा."

त्या दिवसापासून चांगुणा दोन मुठी टाकू लागली. मिलो आली तेव्हाही दोनच.

*

शनिवारी प्रेमाबाईने गाडगे सुपात ओतले. खडे-माती काढून दुसऱ्या दिवशीच्या उपासनेसाठी धान्य स्वच्छ ठेवायचे, हा तिचा नेम. लाल मिलो सुपात पसरली आणि तिचा हात थांबला. लाल दाण्यांत पांढरे दाणे होते. टपोरे, मोत्यासारखे. शाळू.

तिने एक दाणा दातांखाली धरला. दाणा कचकन फुटला, आणि नाकात एक आंबूस, कोंदट वास शिरला.

"चांगुणा!"

चांगुणा शेणाच्या पाटीसह दारात आली.

"हे काय हाय?"

चांगुणाने सुपाकडे बघितले आणि मान खाली घातली. "धान्य हाय, आत्याबाई."

"ते मलाबी दिसतंय. पांढरं कुठनं आलं?"

"रेशनच्या मिलोतच आलं आसंल."

"मिलोत शाळू येती व्हय? म्हशीच्या पोटी घोडा?"

 पाटी उचलून चांगुणा परसाकडे गेली. प्रेमाबाई तिच्या पाठीकडे बघत राहिली. खोटे बोलणाऱ्याची पाठ वेगळी चालते, असे तिला वाटे. त्या दिवशी ती पाठ नेहमीसारखीच चालली, आणि त्याचाच तिला जास्त संशय आला.

शेजारची सुमनबाई सूप मागायला आली. बौद्धांची घरे आळीच्या पलीकडच्या अंगाला होती, पण सुमनबाईची जीभ दोन्ही अंगांना राहत असे. तिने सुपातला शाळू बघितला आणि कमरेवर हात ठेवले.

"प्रेमाबाई, ही मूठ हाय बरं का."

"मूठच हाय. देवाची."

"ती न्हाय. ती दुसरी. मारतात ती. पांढरे दाणे आपसूक घरात येत न्हाईत. कुणीतरी मूठ मारली तुमच्यावर."

"आमी येशूचे हाव. आमाला मूठ लागत न्हाय."

"मग भिता कशाला? सुपाला हात लावंना झालाय." सुमनबाई हसली. "आमचं बघा. आमी देवच सोडले. त्यामुळं चोरीबी न्हाय अन् मूठबी न्हाय. सूप द्या."

सूप रिकामे करायचे तर धान्य कुठेतरी ठेवायलाच हवे होते. प्रेमाबाईने दाणा दाणा निवडला. लाल मिलो नव्या गाडग्यात परत गेली. पांढरा शाळू तिने कोपऱ्यातल्या जुन्या, टवका उडालेल्या गाडग्यात टाकला आणि त्यावर फडके बांधले. जे कुठून आले ते ठाऊक नाही, ते देवापुढे जाणार नाही. फेकवतही नव्हते, दुष्काळात दाणा फेकणाऱ्याला देव विचारतो.

*

खळ्यावर रास पडली की मालक संध्याकाळी तिच्यावर राखेचे छापे मारतात. सकाळी छापा मोडलेला दिसला की चोर येऊन गेला हे कळते. प्रेमाबाईजवळ छापा नव्हता. तिने नव्या गाडग्यातली मिलो तळव्याने सपाट केली आणि बोटाने वर क्रूस काढला.

पहाटे टँकर यायचा तेव्हा घागरी रांगेला लावायला ती स्वतः जाई. परत आली तेव्हा क्रूस मोडलेला होता. चांगुणाच्या दोन मुठींनी तो मोडणारच होता, हे तिला कळत होते. पण त्या लाल मुठींच्या खाली, थोडे उकरले की, पांढरे दाणे होते. नेमके एका भरल्या, धडक्या हाताच्या मुठीएवढे. तोकड्या मुठीचे नव्हे.

रोज असेच. ती रोज निवडी आणि रोज जुन्या गाडग्यात टाकी. एरवी चोराने गाडगे हलके व्हावे. इथे ते जड होत होते. घेणाऱ्याचा डाव ओळखता येतो. न मागता देणाऱ्याचा कसा ओळखावा? मिशनच्या गव्हासाठी धर्म बदलला असे टोमणे तिने जन्मभर ऐकले होते. फुकटच्या दाण्याला गळ असतो, हे तिला शिकवावे लागले नव्हते.

आणि तो आंबूस वास. तीन आठवडे उलटल्यावर एका सकाळी जुन्या गाडग्यावरचे फडके सोडताना तो तिने ओळखला. पेवातला वास. जमिनीखालच्या पेवात धान्य साल-दोन साल राहिले की त्याला असा वास लागतो. गावात पेवे पुष्कळ होती, पण भरलेले आता एकच असणार. महालिंगप्पाचे. त्याने तर सरकारी लेव्हीचे धान्य वसूल करणाऱ्या साहेबांना वाड्याच्या अंगणात उभे करून सांगितले होते की सगळे घातले, पेव झाडून पुसून रिकामे आहे.

आणि चांगुणा महालिंगप्पाच्या गोठ्यात जात होती.

प्रेमाबाई चुलीपुढे बसली. धूर डोळ्यांत जात होता तरी ती हलली नाही. चोरी आली म्हणजे चोरीच. पोटासाठी केली असती तर एक वेळ समजले असते. पण चोरायचे आणि देवाच्या गाडग्यात टाकायचे, म्हणजे देवालाच वाटेकरी करायचे? लक्ष्मम्मापासून धुतलेल्या तांदळासारखे जपलेले घर. उद्या महालिंगप्पाच्या कानावर गेले तर शिमोनच्या हातातला हातोडा जाणार. आणि आळीतली पोरे म्हणणार, किरिस्तावाच्या देवाला पेवातले लागते.

दुपारी ती भाकरी घेऊन खडीवर गेली. रस्त्याच्या कडेने दगडांचे ढीग होते आणि प्रत्येक ढिगामागे एक माणूस. शिमोनने सायकलच्या ट्यूबची पट्टी बोटांना गुंडाळली होती. तिच्या खालून रक्त आले होते आणि वर धूळ बसून त्याचा चिखल झाला होता. त्याने डाव्या हाताने भाकरी मोडली.

"तुझी बायको चोरी करती," प्रेमाबाई म्हणाली.

शिमोनचा घास हातातच राहिला. "काय चोरलं?"

"शाळू. महालिंगप्पाच्या पेवातला."

"खाल्ला कुणी?"

"कुणीच न्हाय. देवाच्या गाडग्यात टाकती."

शिमोनने आईकडे बघितले. उन्हाने त्याचे ओठ फुटले होते, त्यामुळे तो हसला की रडवेला झाला हे कळेना. "आई, चोरून देवाला देणारा चोर मी तरी बघितला न्हाय. तिलाच विचार की."

"सुनेला विचारायचं म्हंजी तिनं खोटं बोलायची वाट करून द्यायची."

"मग काय करणार?"

"ज्याचं हाय त्याला नेऊन देणार. आन् चांगुणाला तेरखेड्याला."

शिमोनने भाकरी फडक्यावर ठेवली. "आई, ती आपल्या घरची हाय."

"घर हाय म्हणूनच," प्रेमाबाई म्हणाली आणि उठली.

*

संध्याकाळी घरची प्रार्थना झाली. दिवा जमिनीवर होता. प्रेमाबाईने नेहमीपेक्षा मोठ्याने प्रार्थना केली.

"हे प्रभू, या घरात जे झाकलेलं हाय ते उघडं कर. लबाडीचं अर्पण तुला वीट आणतं. ज्या हातानं ते केलं तो हात तुला दिसतो. आमेन."

शिमोन पुटपुटला, "आमेन." चांगुणाने ओठ हलवले, आवाज काढला नाही.

"मोठ्यानं कर की प्रार्थना," प्रेमाबाई म्हणाली. "आमालाबी कळू दे काय मागतीस."

चांगुणाचा तोकडा हात पदरात गेला. "आत्याबाई, दार लावून करावी आसं लिवलंय."

"मला शिकवतीस? कडूबाईनं वाचलेलं पुस्तक हाय ते. आन् आनखी काय लिवलंय?"

"उजव्या हातानं केलं ते डाव्याला कळू नये, आसं."

"तुझा उजवा हात आधीच निम्मा हाय," प्रेमाबाई म्हणाली. "डाव्याला कळायला वेळ लागत न्हाय."

शिमोन ताडकन उठून बाहेर गेला. चांगुणा बसून राहिली. तिने दिवा सरकवला, आसपास सांडलेले दोन दाणे बोटाच्या टोकाने उचलले आणि ज्याच्या त्याच्या गाडग्यात टाकले. लाल नव्यात, पांढरा जुन्यात. डोळ्यांत पाणी होते. प्रेमाबाईला वाटले, एवढे सोसून जी गप्प राहते तिच्याजवळ सांगण्यासारखे फार मोठे असले पाहिजे.

*

सकाळी तिने धुतलेले लुगडे नेसले, जुने गाडगे डोक्यावर घेतले आणि भर उन्हात गावात शिरली. गाडगे भरत आले होते. मानेवर भार होता. चांगुणा मागून धावत आली.

"आत्याबाई, नका जाऊ. पाया पडती तुमच्या."

"चोरानं घाबरावं. म्या परत द्यायला चाललीय."

"म्या चोरलं न्हाय."

"मग कुणी दिलं?"

चांगुणा थांबली.  "ते न्हाय सांगता येत."

"तर मग मागं मागं ये आन् ऐक."

सोसायटीचे कार्यालय महालिंगप्पाच्या वाड्याच्या पुढच्या पडवीतच होते. पडवीवर कोंडिबा मुकादम होता, खडीच्या कामासाठी आलेली माणसे होती, आणि मध्ये गादीवर महालिंगप्पा. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, हातात पानाचा डबा. प्रेमाबाई अंगणात, पायरीच्या खाली उभी राहिली. आळीतल्या माणसाने त्या पायरीवर चढायचे नसते. तिने कधी चढायची इच्छाही दाखवली नव्हती. पण आवाज पायरीवर चढला.

"चेअरमनसाहेब, तुमचं धान्य आमच्या घरी आलंय. ते परत आणलं."

तिने गाडगे खाली ठेवून फडके काढले. उन्हात शाळू पांढराशुभ्र चमकला. पडवीवरची माणसे पुढे झुकली. कितीतरी दिवसांत कोणी पांढरी ज्वारी बघितली नव्हती. एकाने नकळत ओठांवरून जीभ फिरवली.

महालिंगप्पाचा पानाचा डबा मिटला. "माझं? माझ्याकडं कुठला आला शाळू?"

"तुमच्या पेवातला हाय. वास घेऊन बघा."

"कसलं पेव?" त्याचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. त्याने कोंडिबाकडे बघितले; कोंडिबा आभाळाकडे बघत होता. "मी सगळं लेव्हीला घातलंय. साहेब येऊन बघून गेलेत. ए बाई, कुणी शिकवून धाडलं तुला?"

प्रेमाबाईला तेव्हा कळले की आपण काय करून बसलो. चोरीचा माल मालकापुढे ठेवला, तर मालकालाच तो माझा म्हणायची चोरी. आणि मालकाने माझा म्हटले नाही, तर चोर म्हणून उरणार कोण?

पडवीवर कोणी तरी हलकेच म्हणाले, "न्हाय तर न्हाय. आमाला द्या, आमी ओळखतो त्याला." माणसे हसली. महालिंगप्पाच्या मानेची शीर तटतटली.

"ही पोरगी माझ्या गोठ्यात येती. कुठनं उचललं ते तिलाच विचारा. उद्यापासनं गोठ्याला यायचं न्हाय. आन् त्या शिमोनला सांग—"

"महालिंग."

आवाज आतून आला. दाराच्या चौकटीला धरून त्याची आई, कस्तुराबाई उभी होती. तिच्या दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदूची पांढरी साय होती. परसातल्या ओट्यावर बसून ती दिवसभर हाताने चाचपून धान्य निवडी. घरातल्या सुना तिला तेवढ्यापुरते विचारत.

"अव्वा, तू आत हो."

"शाळू म्या दिला."

महालिंगप्पा उठून उभा राहिला. "अव्वा!"

"चांगुणेला दिला. रोज एक मूठ. माझ्या हातानं. तिच्या गळ्याची आण घातली, कुणाला सांगायचं न्हाय म्हणून. सासूलाबी न्हाय." म्हातारीने चेहरा अंगणाकडे वळवला. "कोण आलीय? केशरची सून का?"

"व्हय, अव्वा," प्रेमाबाई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता.

"तुझ्या सासूचं देणं हाय माझ्याकडं."

"अव्वा, लोक बसलेत," महालिंगप्पा दातांत बोलला.

"बसू देत. म्या मरायच्या आधी बसलेत ते बरं झालं." कस्तुराबाई एकेक पायरी चाचपत उतरू लागली. "दुष्काळात पटकी आली त्या साली तुझा बाप गेला, थोरला दीर गेला. घरात म्या आन् तू, पाळण्यात. पेव भरलेलं, पण उतरायला पुरुष न्हाय, आन् गावातलं कुत्रंबी परसात येईना. दोन दिवस म्या तुला पाणी पाजलं. तिसऱ्या दिवशी परसाच्या दगडावर एक गाडगं होतं. धान्यानं भरलेलं. भिंतीपल्याड केशर उभी. मला म्हणाली, आमच्या देवाचं हाय, खा."

 आळीतल्या घरचे धान्य वाड्याच्या चुलीवर शिजले होते, आणि ते खाऊन चेअरमन वाढला होता. कोंडिबाने आभाळ सोडून आता जमीन बघायला घेतली.

"म्या गाडगं परत देताना म्हटलं, सुगी आली की भरून देईन. तर ती म्हणाली, सुगीत देऊ नको. सुगीत कुणीबी देतं. दुष्काळातलं दुष्काळात फेड. आन् आमी मूठ मूठ साठवलंय, तू मूठ मूठ टाक. देवाच्या गाडग्यात टाक, मला देऊ नको, मला सांगू नको." म्हातारी शेवटच्या पायरीवर थांबली. "त्यानंतर आसा दुष्काळ हाच. तवर डोळे गेले."

"चांगुणा गोठ्याला यायची न्हाय," महालिंगप्पा म्हणाला. 

"मग मला परसाकडं कोण नेईल? तुझी बायको?" कस्तुराबाईने विचारले. "ती तर वास येतो म्हणती."

पडवीवरचा एक जण खोकला. महालिंगप्पा आत गेला आणि त्याने दार लावून घेतले. प्रेमाबाईने गाडगे पुन्हा डोक्यावर घेतले.

*

महिन्याच्या शेवटच्या रविवारी पाळकसाहेब आले नाहीत; टँकर उलटून रस्ता अडला होता. उपासना प्रेमाबाईनेच चालवली. आळीतल्या देवळाला कुडाच्या भिंती होत्या आणि त्यांतून झळ आत येत होती. लोक चटयांवर बसले होते. पहिले गीत संपता संपता दारात सावली पडली. कस्तुराबाईचा हात चांगुणाच्या खांद्यावर होता. वाड्यावरची बाई आळीतल्या देवळात आल्याचे कोणी कधी बघितले नव्हते. सुमनबाईसुद्धा, जी देव सोडून बसली होती, कुडाच्या फटीला डोळा लावून उभी राहिली.

प्रेमाबाईने नवे गाडगे पुढे ठेवले होते. ती उठली, घरी गेली आणि जुने घेऊन आली. ते तिने कस्तुराबाईपुढे ठेवले.

म्हातारीची बोटे काठावरून फिरत गेली आणि टवक्यापाशी थांबली. ती बोटे तिथेच दोनदा पुढे-मागे झाली.

"ह्येच," ती म्हणाली. "परत देताना दगडावर आपटलं. माझ्या हातनं. त्या दिवशी माझे हात लई कापत होते. केशर म्हणाली, असू दे, ओळखायला बरं."

देवाला मालूम, असे केशरबाई म्हणाली होती. प्रेमाबाईने लुगड्याचा पदर डोक्यावर नीट ओढला.

कस्तुराबाईने कनवटीची पुरचुंडी सोडली. "शेवटचं हाय. किती जागा हाय बघ."

प्रेमाबाईने तळवा ठेवून बघितले. "थोडी हाय. पुरी मूठ मावायची न्हाय. सांडंल."

"सांडायला नको. देणं सांडून फेडायचं नसतं." म्हातारीने पुरचुंडी चांगुणापुढे केली. "तू टाक. तुझा हात बेताचा हाय."

चांगुणाने सासूकडे बघितले. अजूनही ती परवानगीच मागत होती.

"टाक," प्रेमाबाई म्हणाली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "आन् उद्यापासनं घरीबी एकच टाकायची. दोन न्हाय. तुझी एक मूठ भरती."

चांगुणाने तीन बोटांत शाळू धरला आणि डोळे मिटले. म्हातारीला मिटायची गरज नव्हती. प्रेमाबाईने इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आपलेही डोळे मिटले. दाणे दाण्यांवर पडल्याचा आवाज तेवढा ऐकू आला. चुलीवर आधण यायच्या आधी भांडे कुजबुजते तसा.

कुडाबाहेरून सुमनबाई म्हणाली, "आमी देव सोडलेत बाई, पण भाकर सोडली न्हाय. आता ते कुणाच्या घरी जाणार?"

"तुझ्याच," प्रेमाबाईने डोळे न उघडता सांगितले. "सूप परत आणलंस की."

"भरलं?" कस्तुराबाईने विचारले.

प्रेमाबाईने तळवा काठावर ठेवला. टवक्यापाशीसुद्धा धान्य तळव्याला लागत होते. तिने वर काही काढले नाही.

"काठोकाठ भरलं, अव्वा," ती म्हणाली. "फिटलं."